नाव सांगितले, पाहणे संपले

पावसाळा नुकताच ओसरला होता. शहराला लागून असलेल्या एका राखीव जंगलात रविवारी सकाळी निघणाऱ्या निसर्गफेरीत आम्ही सामील झालो होतो. बरोबर पंचवीसेक माणसे होती. दोन-तीन कुटुंबे, एका गृहरचना संस्थेची मंडळी, काही शाळकरी मुले. पुढे होता गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारा एक तरुण स्वयंसेवक. वाटेच्या कडेला दोन झाडांमध्ये एक भलेमोठे सोनेरी झाक असलेले जाळे होते आणि त्याच्या मध्यभागी लांबलचक पायांची एक मोठी कोळीण बसली होती. स्वयंसेवकाने सगळ्यांना थांबवले. "हा जायंट वूड स्पायडर. शास्त्रीय नाव नेफिला पिलिपेस. जाळे विणणाऱ्या मोठ्यात मोठ्या कोळ्यांपैकी एक." मागून कोणीतरी विचारले, "विषारी आहे का?" "आहे, पण माणसाला घातक नाही." एकदोघांनी छायाचित्रे काढली, कोणीतरी "बाप रे!" म्हणाले, आणि फेरी पुढे सरकली. हे सारे मिनिटाभरात आटोपले.

सात-आठ वर्षांची एक मुलगी मात्र तिथेच उभी राहिली होती. "आजी, ह्या जाळ्यात अजून एक कोळी आहे. बारका." आजी वाकून पाहू लागल्या. तेवढ्यात पुढून हाक आली, "आजी, चला लवकर, अजून पुष्कळ बघायचंय!" आजींनी नातीचा हात धरला आणि दोघी चालू लागल्या.

त्या मुलीला दिसलेला बारका कोळी बहुधा त्याच जातीचा नर असावा. या जातीत मादीचे शरीर ४ ते ५ सेंटिमीटरपर्यंत वाढते, तर नर जेमतेम ५-६ मिलिमीटरचा असतो. मादीच्या जाळ्यातच तो कडेकडेने वावरतो. किंवा तो दुसऱ्याच जातीचा, चांदीच्या थेंबासारखा दिसणारा चोरटा कोळीही असू शकेल. हे चोर स्वतःचे जाळे विणण्याऐवजी मोठ्या कोळिणीच्या जाळ्यात राहतात आणि तिने दुर्लक्षिलेले लहान किडे पळवतात. नक्की कोण होता, हे पाहायला आणखी पाच मिनिटे लागली असती. त्या सकाळी पंचवीस माणसांत स्वतःच्या डोळ्यांनी काही शोधून काढणारी व्यक्ती एकच होती, आणि तिलाच 'पुढे चला' असे सांगण्यात आले.

ते जंगल कोणते आणि महाविद्यालय कोणते, हे सांगण्याचे कारण नाही. असाच प्रसंग आम्ही निरनिराळ्या ठिकाणी इतक्या वेळा पाहिला आहे, की तो कोणा एकाचा दोष म्हणता येणार नाही. त्या तरुणाने दिलेली माहिती अचूक होती. त्याचा उत्साहही खरा होता. रविवारची झोप सोडून, पदरचे भाडे खर्चून तो आला होता. तेव्हा ही टीका त्याच्यावर नाही. त्याला तयार करणाऱ्यांवर आहे, आणि त्यांत आम्हीही येतो. अशा स्वयंसेवकांच्या प्रशिक्षण वर्गांत आम्ही काही वर्षे व्याख्याने दिली आहेत. दोन तासांत शंभराहून अधिक चित्रे दाखवायची, प्रत्येकाचे नाव सांगायचे, एखादी चमत्कारिक गोष्ट सांगायची आणि पुढचे चित्र. आमच्या व्याख्यानाची हुबेहूब नक्कल त्या पोराने जंगलात केली. मग तक्रार कोणाची करायची?

उपक्रम चांगला, पण कशासाठी?

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी उद्यानात येणाऱ्या लोकांना तिथल्या प्राण्या-पक्ष्यांची ओळख करून द्यावी, ही कल्पना उत्तम आहे याबद्दल दुमत नसावे. तिच्यामागे आपल्या शिक्षणव्यवस्थेतील दोन प्रवाह आहेत. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली आणि विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजोपयोगी काम करावे असा दंडक आला. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याविषयी निर्देश दिले आणि कालांतराने पदवीच्या वर्गांतही तो आला. सेवेचे तास आणि पर्यावरणाचा विषय यांची सांगड घालायला उद्यानासारखी दुसरी जागा कोणती?

पण याच वाटेने उपक्रमात एक खोटही शिरली. तास मोजायचे असल्यामुळे कामही मोजण्याजोगे लागते. मग अहवालात येते : इतक्या फेऱ्या, इतके पर्यटक, इतक्या जातींची ओळख. हे आकडे खरे असतात, परंतु ते बोलणाऱ्याने काय केले एवढेच सांगतात. ऐकणाऱ्याचे काय झाले, हे त्यांत कुठेही नसते. फळ्यावर किती लिहिले यावरून वर्गाला किती समजले हे ठरत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

एका फेरीनंतर आम्ही प्रवेशद्वारापाशी थांबून काही मंडळींना सहज विचारले, "आज काय पाहिलंत?" बहुतेकांना नावे आठवत नव्हती. "खूप माहिती मिळाली," असे मात्र सगळ्यांनी आवर्जून सांगितले. एका काकांनी, वाळवीच्या वारुळावर उमटलेला कोणाच्या तरी नखांचा ओरखडा कसा होता, हे हातवारे करून दाखवले. तो ओरखडा स्वयंसेवकाने दाखवलेला नव्हता. काकांना तो लघुशंकेला बाजूला गेले असताना दिसला होता!

नावाचा उपयोग आणि नावाचा अडथळा

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या सेवेसाठी फ्रीमन टिल्डन या पत्रकार-लेखकाने १९५७ साली 'इंटरप्रिटिंग अवर हेरिटेज' हे छोटेखानी पुस्तक लिहिले. उद्यानात येणाऱ्या माणसाशी कसे बोलावे, याची सहा तत्त्वे त्यात मांडली आहेत. त्यांतली तीन आपल्या कामाची आहेत. एक, माहिती देणे म्हणजे उकल करून दाखवणे नव्हे. उकलीला माहितीचा आधार लागतो, पण दोन्ही गोष्टी भिन्न आहेत. दोन, मुख्य हेतू शिकवण्याचा नसून ऐकणाऱ्याच्या मनाला चाळवण्याचा असावा. तीन, लहान मुलांसाठी मोठ्यांचीच गोष्ट पातळ करून सांगू नये. त्यांच्यासाठी मुळातच वेगळी रीत हवी.

आमच्याकडच्या फेऱ्यांत या तिन्ही तत्त्वांच्या नेमके उलट चालते, आणि त्याचे मूळ नावाविषयीच्या आपल्या समजुतीत आहे. नावाला आमचा विरोध नाही. वर्गीकरणावर ज्यांचे पोट चालते त्यांनी नावाला नावे ठेवणे शोभणारही नाही. नावामुळे एकाने पाहिलेले दुसऱ्याला कळवता येते, पुस्तकात शोधता येते, गेल्या वर्षीच्या नोंदीशी जोडता येते. म्हणजे नाव हे पुढच्या कामाचे साधन आहे. फेरीत मात्र ते शेवटचे स्थानक होऊन बसते. "हा कोण?" या प्रश्नाला उत्तर मिळाले की माणूस समाधानाने पुढे जातो. पाहिल्यासारखे वाटते, आणि प्रत्यक्षात पाहणे थांबते.

तोच कोळी घ्या. नाव न सांगता स्वयंसेवकाने एवढेच म्हटले असते, की "या जाळ्यात एकूण किती कोळी आहेत, मोजा बरं," तर काय झाले असते? पंचवीस माणसांचे पन्नास डोळे जाळ्यावर फिरले असते. कोणी दोन म्हणाले असते, कोणी पाच. वाद झाला असता. मग, बारके कोण आणि मोठी त्यांना खात का नाही, असे प्रश्न आपोआप निघाले असते. त्यानंतर सांगितलेले नाव माणसांच्या लक्षातही राहिले असते, कारण ते ठेवायला मनात जागा तयार झालेली असती. शिवाय हा प्रश्न विचारायला स्वयंसेवकाला कोळीशास्त्राचा तज्ज्ञ असण्याचीही गरज नव्हती.

'माहीत नाही' म्हणण्याची लाज

दुसरा दोष अधिक खोल आहे. गळ्यात ओळखपत्र आले की प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलेच पाहिजे, असे या मुलांना वाटते. यात नवल नाही. पहिलीपासून पदवीपर्यंत, माहीत नसलेल्या प्रश्नाला गुण शून्य, हेच त्यांनी अनुभवलेले असते. त्यामुळे ती काहीतरी ठोकून देतात, किंवा कुठेतरी वाचलेले विधान जरा फुगवून सांगतात.

कारवीचे उदाहरण पाहू. सह्याद्रीच्या उतारांवर, तसेच मुंबईच्या बोरिवली येथील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात हे झुडूप विपुल आहे. दर आठ वर्षांनी ते एकदम फुलते, बी धरते आणि मरून जाते. मुंबईच्या परिसरात २००८, २०१६ आणि २०२४ साली असा बहर आला. हिशोबाप्रमाणे पुढचा २०३२ साली यावा. ही माहिती बहुतेक स्वयंसेवकांना पाठ असते. आता एखादा चौकस मुलगा विचारतो, "पण दादा, आठ वर्षं झाली हे झाडाला कसं कळतं?" आम्ही ऐकलेली उत्तरे अशी : "पावसावरून." "ते त्याच्या जनुकांत लिहिलेलं असतं." "निसर्गाची किमया आहे." पहिले उत्तर चुकीचे आहे, कारण पाऊस तर दरवर्षीच पडतो. दुसरे उत्तर प्रश्नाला फक्त शास्त्रीय शब्दाचा अंगरखा घालते. तिसरे तर प्रश्नच मिटवून टाकते.

प्रामाणिक उत्तर असे आहे : वर्षे मोजण्याची ही यंत्रणा नेमकी कशी चालते, हे अजून नीट उलगडलेले नाही. मात्र सगळी झुडपे एकाच वर्षी का फुलत असावीत, याविषयी एक तर्क आहे. दरवर्षी थोडे थोडे बी आले तर ते खाणारे किडे, उंदीर, पाखरे ते सगळे फस्त करतील. आठ वर्षांनी एकदम अमाप बी पडले, तर खाणाऱ्यांची पोटे भरूनही बरेच शिल्लक राहील. कित्येक बांबूंच्या बाबतीतही हाच तर्क दिला जातो. आता या उत्तरातून त्या मुलाला काय मिळाले? विज्ञानाला अजून ठाऊक नसलेल्या गोष्टी आहेत आणि त्यांतली एक आपल्या घराजवळच्या डोंगरावर उगवते, हे कळले. 'कसे' आणि 'का' हे दोन वेगळे प्रश्न असतात, हेही कळले. २०३२ साली तो मुलगा कुठे असेल याचा विचार तो घरी जाताना करील, ते निराळेच.

विज्ञानाच्या दृष्टीने 'माहीत नाही' हे वाक्य पराभवाचे नाही, ते कामाच्या सुरुवातीचे आहे. परंतु हे वाक्य म्हणायला सराव लागतो, आणि तो सराव आमच्या एकाही प्रशिक्षण वर्गात घेतला जात नव्हता.

जे सांगायला हवे तेच राहून जाते

येथवर जे म्हटले तो अध्यापनाच्या पद्धतीचा प्रश्न झाला. फेरी चांगली झाली काय, वाईट झाली काय, कोणाचे फारसे बिघडत नाही, असेही कोणी म्हणेल. पण आपल्याकडे तसे नाही. टिल्डनच्या डोळ्यांपुढचा पाहुणा बहुतांशी लांबून सुटीसाठी आलेला होता. तो दोन दिवसांनी आपल्या गावी परतणार होता. आपल्या शहरालगतच्या जंगलात येणारा माणूस पुष्कळदा त्या जंगलाच्या भिंतीला चिकटून असलेल्या वस्तीत राहतो. तिथे त्याला काय समजले, यावर कधीकधी कोणाच्या तरी जिवाचे बरेवाईट अवलंबून असते.

बोरिवलीचे हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. तिन्ही बाजूंनी मुंबई-ठाण्याची दाट वस्ती. २०१५ सालच्या अभ्यासात उद्यान आणि लगतच्या परिसरात ३५ बिबळ्यांची नोंद झाली. त्यांच्या आहारात हरणांबरोबरच भटक्या कुत्र्यांचाही मोठा वाटा आढळला, वजनाच्या हिशेबाने जवळजवळ पाव हिस्सा. २००२ ते २००४ या काळात, विशेषतः २००४ साली, या परिसरात बिबळ्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. तेव्हा लोकांची मागणी साहजिकच एक होती : पिंजरे लावा, पकडा आणि लांब नेऊन सोडा.

या उपायाचे काय होते, याचा पुरावा आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. जुन्नर भागात २००१ पासून बिबळे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर झाली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्याआधी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ ते २००३ या काळात ते सरासरी १७ वर गेले. उपायानेच दुखणे वाढवले. मागे वळून पाहता यात न कळण्यासारखे काही नाही. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, परतीची वाट धरते, वाटेत वस्त्या लागतात. आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबळ्या घेतोच. २०११ साली वन विभाग, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून बोरिवलीच्या उद्यानासाठी 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला, तेव्हा त्याचा भर पिंजऱ्यांऐवजी लोकांशी बोलण्यावर होता, तो यामुळेच.

आता निसर्गफेरीत परत येऊ. जवळजवळ प्रत्येक फेरीत कोणीतरी विचारतोच, "बिबळ्या दिसेल का हो?" ठरलेले उत्तर येते, "दिवसा नाही दिसत, रात्री या!" सगळे हसतात. याहून मोठी संधी फेरीत येत नाही, आणि ती हसण्यावारी जाते.

त्याऐवजी स्वयंसेवकाने बाकड्याखाली पडलेली उरलेल्या खाऊची पुडी दाखवून विचारावे, "ही पुडी उद्या कोण खाईल?" कुत्रा, असे कोणीतरी म्हणेल. "आणि कुत्र्याला?" इथे माणसे गप्प होतात. उघड्यावरचा कचरा, त्यावर पोसणारी कुत्री आणि डुकरे, त्यांच्या मागावर वस्तीच्या कडेला येणारा बिबळ्या, आणि तिथे अंधारात उघड्यावर बसलेले एखादे लहान मूल : ही साखळी एकदा स्वतःच्या तोंडाने जुळवली, की माणूस ती सहसा विसरत नाही. मग दिवा का हवा, शौचालय घराजवळ का हवे, कचरा का उचलायला हवा आणि पिंजरा हे उत्तर का नव्हे, हे उपदेश न करता सांगता येते. माकडांना खाऊ घालण्याचेही तसेच. "प्राण्यांना खाऊ देऊ नका" ही पाटी लोक वाचतात आणि तिच्याखाली उभे राहून शेंगदाणे टाकतात. पण खाऊच्या सवयीने धीट झालेले माकड उद्या कोणाच्या पोराच्या हातातला डबा ओढील, आणि मग त्या माकडालाच पकडून न्यायची मागणी होईल, हे कोणी त्यांच्याबरोबर बसून कधी उलगडलेले नसते.

जंगलातली माणसे गेली कुठे?

आणखी एक उणीव. फेरी ऐकून बाहेर पडणाऱ्याला असे वाटते, की जंगलात फक्त झाडे आणि प्राणी असतात, माणूस आला तो आत्ता, तिकीट काढून. बोरिवलीच्या उद्यानात वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. कारवीच्या काठ्यांचे कुड करून त्यावर माती लिंपलेल्या भिंती ही तिथली जुनी रीत. वारली लोक वाघोबाला देव मानतात. त्याची ठाणी आहेत, नवस होतात. बिबळ्याच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांकडे या विषयावर सांगण्यासारखे काही नसेल का? पण स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक येतात, आमच्यासारखे संशोधक येतात. पाड्यावरची एखादी आजी क्वचितच येते. कुठली रानभाजी पहिल्या पावसानंतर किती दिवसांनी निघते, हे तिला ठाऊक असते आणि आम्हाला नसते. वाघोबाच्या श्रद्धेला विज्ञान म्हणा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु शेजाऱ्याला शत्रू न मानता अंतर राखून कसे राहावे, ही समज त्या श्रद्धेच्या पोटात आहे, आणि ती समजून घेणे हे अभ्यासकाचेही काम आहे.

मग करावे काय?

आम्ही गेल्या काही हंगामांत काही मुलांबरोबर थोडा बदल करून पाहिला. त्याचे यशापयश दोन्ही सांगतो.

पहिली गोष्ट, थांबे कमी केले. पंधरा-वीसच्या जागी पाचच. प्रत्येक थांब्यावर आधी प्रश्न, मग दोन मिनिटे शांतता, मग लोकांचे बोलणे, आणि सर्वांत शेवटी, गरज असेल तरच, नाव. दोन मिनिटांची शांतता राखणे स्वयंसेवकांना सर्वांत जड गेले. बोलणे थांबवले की आपण काम करत नाही असे त्यांना वाटे.

दुसरी, प्रत्येक स्वयंसेवकाला एक वही दिली. फेरीत ज्या प्रश्नाचे उत्तर आले नाही, तो प्रश्न लोकांसमोरच तिच्यात लिहायचा आणि म्हणायचे, "हे मला माहीत नाही, शोधतो." सुरुवातीला मुले संकोचली. एका मुलीने तर, "सर, लोक म्हणतील हिला काहीच येत नाही," असे बोलून दाखवले. पण लोक तसे म्हणाले नाहीत. उलट प्रश्न वाढले. ज्याच्याकडे सगळी उत्तरे आहेत त्याला कोणी प्रश्न विचारत नाही, हे त्या वह्यांनी आम्हाला शिकवले.

तिसरी, एकाच विद्यार्थ्याने एकाच वाटेवर वर्षभर फिरायचे. काटेसावर केव्हा निष्पर्ण झाली, केव्हा फुलली, तिच्यावर कोण कोण आले, हे ज्याने स्वतः टिपले आहे त्याला पाठांतराची गरज उरत नाही. झाडांच्या अशा नोंदी ठेवण्याचा 'सीझनवॉच' हा देशव्यापी उपक्रम आहे आणि त्यात शाळाही भाग घेतात. शाळेच्या आवारातल्या एका आंब्यापासूनही सुरुवात करता येते.

आता अपयश. काही पाहुणे नाराज झाले. "दोन तासांत पाचच गोष्टी? मागच्या वेळी चाळीस पक्षी दाखवले होते," असे एका गृहस्थांनी सुनावले. त्यांची तक्रार अगदीच अनाठायी नाही. ज्यांना पक्ष्यांची यादी वाढवायची आवड आहे, त्यांच्यासाठी वेगळी फेरी असावी. काही स्वयंसेवकही सोडून गेले. एकाच वाटेवर वर्षभर फिरणे त्यांना कंटाळवाणे झाले. आणि फेरीतून बाहेर पडलेल्या माणसाचे घरी गेल्यावरचे वागणे बदलते का, हे आम्हाला अद्याप मोजता आलेले नाही. हाही प्रश्न आम्ही वहीत लिहून ठेवला आहे.

एक मात्र निश्चित सांगता येईल. या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त शिकतो तो स्वयंसेवक. पाहुणा दोन तासांसाठी येतो. विद्यार्थी वर्षभर येतो. तेव्हा त्याच्याकडे फुकटचा मार्गदर्शक म्हणून न पाहता शिकणारा म्हणून पाहिले, तर त्याचे प्रशिक्षणही बदलेल आणि त्याला अहवालातील आकड्यांसाठी पळावे लागणार नाही.

शिक्षकांसाठी एक विनंती. पुढच्या वेळी वर्ग घेऊन एखाद्या उद्यानात जाल, तेव्हा तिथल्या ताईला किंवा दादाला आधीच भेटून सांगा, की आम्हाला सगळे दाखवू नका. थोडे दाखवा, पण थांबू द्या. परतल्यावर मुलांकडून पाहिलेल्या प्राण्यांची यादी लिहून घेऊ नका. दोनच प्रश्न विचारा : तुला कोणी न दाखवता काय दिसले? आणि तुला काय कळले नाही? पहिल्या प्रश्नावर वर्ग बराच वेळ गप्प राहिला, तर सहल पुन्हा काढावी. जागा तीच चालेल.